जपून वापरलेली जुनी गाडी पारखताना

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांतून आमच्याकडे आला. "पोरगा जुनी गाडी घ्यायची म्हणतोय. गटातून कर्ज काढून दे म्हणून मागं लागलाय. काढू का?" गाडी कोणती म्हणून विचारलं, तर कुणी होंडा सिटी सांगितली, कुणी ऑक्टेव्हिया. दोघीतिघींनी मात्र "लिनिया टी-जेट का कायतरी" असं सांगितलं. नाव नीट सांगता येत नाही, पण सही मात्र आपली लागणार आहे, अशी ही गोष्ट. म्हणून आजचं बोलणं त्याच गाडीवर. दुसरी कुठली जुनी गाडी घ्यायची असली तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी गाडीची ओळख करून घेऊ. लिनिया ही फियाट कंपनीची डिकीवाली लांब गाडी. ती आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात तयार व्हायची. २००९ मध्ये ती बाजारात आली आणि पुढच्या वर्षी तिचा टी-जेट नावाचा जोरकस प्रकार आला. इंजिन १३६८ सीसीचं, म्हणजे तसं लहानच. पण ताकद ११४ अश्वशक्तीची. लहान इंजिनात एवढा जोर आला कुठून? तर टर्बोमुळे.

टर्बो म्हणजे काय, हे चुलीपुढं बसणाऱ्या बाईला सांगायला फार वेळ लागत नाही. ओलं लाकूड धुमसत असलं की आपण फुंकणी घेतो. हवा जास्त मिळाली की तेवढ्याच लाकडात जाळ मोठा होतो. टर्बो ही इंजिनाची फुंकणी. गंमत एवढीच, की ती फुंकायला वेगळं कुणी लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा इंजिनात दाबून भरतो. हा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल जुनं झालं, कमी पडलं, की दांडा झिजतो. तापलेलं इंजिन एकदम बंद केलं तर आतलं तेल जागीच करपून त्याची काजळी धरते. ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर अशी गाडी कुणाच्या हातची घ्यावी आणि कुणाच्या हातची घेऊ नये, हे निम्मं कळलं. ज्यानं वेळेवर तेल बदललं आणि घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवून मग चावी फिरवली, त्याची गाडी घ्यावी. ज्यानं नुसती पळवली, त्याची बाहेरून कितीही चकचकीत असली तरी सोडून द्यावी.

आता पोरांना हीच गाडी का हवी असते? दिसायला देखणी आहे, रस्त्याला धरून चालते, चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, आणि नवी असताना आठ-नऊ लाखांच्या घरातली गाडी आता नव्या मोटरसायकलीच्या किमतीच्या थोडं पुढं मिळते. आवड खोटी नाही. पण स्वस्त का मिळते, तेही ऐका. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि लिनिया काही त्या नियमात बसवली गेली नाही. कंपनीच्या फियाट नावाच्या गाड्या आपल्याकडं बंद झाल्या. याच लिनियाचं १३०० सीसीचं डिझेल इंजिन मात्र स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, मांझा अशा किती तरी गाड्यांत होतं, त्यामुळे त्याचे सुटे भाग तालुक्याला मिळतात आणि ते खोलणारा मेकॅनिकही मिळतो. टी-जेटच्या पेट्रोल इंजिनाचं तसं नाही. त्याचा एखादा सेन्सर गेला तर पुण्या-मुंबईहून मागवायचा आणि तोवर गाडी गोठ्याशेजारी उभी.

म्हणून पहिलं सरळ सांगतो. भाजी बाजारात न्यायची, दुधाचे कॅन वाहायचे, मसाल्याची पोती टाकायची, असल्या कामाला ही गाडी नाही. त्यासाठी जुना पिकअप किंवा छोटा टेम्पो बघा आणि आजचं बोलणं तिथंच सोडून द्या. आणि "भाड्यानं सोडू, हप्ता निघेल" असं कुणी सांगत असेल तर तेही ऐकू नका. पांढऱ्या नंबरप्लेटची खाजगी गाडी भाड्यानं चालवता येत नाही. लग्नाच्या वऱ्हाडाला पैसे घेऊन गेली आणि वाटेत अपघात झाला तर विमा कंपनी तेच कारण पुढं करून हात वर करू शकते.

घरच्या वापराला, हौसेनं, झेपेल तेवढ्या पैशात घ्यायची असेल तर पुढं ऐका.

झेपेल म्हणजे किती, हा हिशोब कागदावर मांडा. समजा गाडी दोन लाखांना ठरली आणि सगळे पैसे गटातून दोन टक्के महिन्यानं काढले. चोवीस महिन्यांत फेडायचे, व्याज उरलेल्या मुद्दलावर. पहिल्या महिन्याला मुद्दल ८,३३३ आणि व्याज ४,०००, म्हणजे बारा हजार तीनशे तेहतीस. दोन वर्षांत नुसतं व्याज पन्नास हजार जातं. त्यावर पेट्रोल. गावातल्या आणि घाटातल्या वापरात ही गाडी लिटरला दहा-अकरा किलोमीटर देते असं धरा, म्हणजे किलोमीटरला दहा रुपये. तालुक्याला जाऊन-येऊन तीस किलोमीटर होत असतील तर एका फेरीला तीनशे. तिसरा खर्च दुरुस्तीचा. आमचं म्हणणं असं, की जेवढी ऐपत आहे तिच्यातला चौथा हिस्सा बाजूला ठेवून उरलेल्या पैशातच गाडी शोधावी. दोन लाख हाताशी असतील तर गाडी दीड लाखाची बघा. पन्नास हजार पहिल्या सहा महिन्यांत लागणारच आहेत, कशाला लागतात ते पुढं येईल. बँकेचं जुन्या गाडीचं कर्ज गटाच्या दोन टक्क्यांपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतं, तेही विचारून बघा. गटाचा पैसा शेळ्या, शिलाई मशीन, दवाखाना यांसाठी फिरता राहू द्यावा असं आम्हाला वाटतं. पण गट तुमचा आहे, ठराव तुमचा आहे.

आता गाडी बघायला जायचं. कधी जायचं? सकाळी, आणि मालकाला आधीच सांगून ठेवायचं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्यानं आधीच चालू करून ठेवलीय असं समजा आणि का केली ते विचारा. थंड इंजिनच खरं बोलतं. चावी फिरवली की दुसरीकुणी मागं सायलेन्सरपाशी उभी राहू द्या. निळसर धूर आला तर इंजिन नाहीतर टर्बो तेल पितोय. दाट पांढरा धूर येतच राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर रेडिएटरचं पाणी इंजिनात उतरतंय. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ येते आणि जाते, तिला घाबरायचं नाही. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय.

चावी पहिल्या टप्प्यावर फिरवली की समोरच्या पाटीवर लाल-पिवळे दिवे लागतात. एबीएसचा, एअरबॅगचा, इंजिनाचा. ते लागले पाहिजेत आणि इंजिन चालू झाल्यावर थोड्या वेळात विझले पाहिजेत. विझला नाही तर बिघाड आहे. आणि लागलाच नाही तर जास्त संशय घ्या, कारण बिघाड दिसू नये म्हणून दिवाच काढून टाकणारे लोक आहेत. एअरबॅग सगळ्याच टी-जेटना नव्हत्या, काही प्रकारांनाच होत्या. स्टिअरिंगवर तसं लिहिलेलं आहे का ते बघा, "सगळं आहे ताई" यावर जाऊ नका.

मग टायमिंग बेल्ट. डिझेल लिनियाला आत साखळी असते, टी-जेटला रबरी पट्टा. शिलाई मशीनचा पट्टा तुटला तर मशीन थांबतं, दहा मिनिटांत दुसरा चढवतो. इथं तसं नाही. हा पट्टा चालत्या गाडीत तुटला तर आतले व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि इंजिन खोलावं लागतं. त्याचा खर्च कधी कधी गाडीच्या निम्म्या किमतीला भिडतो. म्हणून विचारायचं, पट्टा कधी बदलला आणि त्याचं बिल कुठं आहे. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरायचं आणि तेवढे पैसे किमतीतून तोडून मागायचे. यावर घासाघीस करायला लाजू नका.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो मागं फिरवता येतो. पण पायाखालच्या पॅडलचं रबर, स्टिअरिंगची झिजून चकाकलेली कड, चालकाच्या सीटचा बसलेला कोपरा, हे फिरवता येत नाही. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या क्लचच्या पॅडलचं रबर गुळगुळीत होत नाही. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही खोल दिसली तरी सहा-सात वर्षं झालेला टायर बदलायच्याच यादीत घाला. टी-जेटला सोळा इंची टायर लागतात, ते बारक्या गाडीच्या टायरएवढे स्वस्त नाहीत.

यानंतर जी गोष्ट आहे, ती आपल्या भागासाठी फार महत्त्वाची. पुरात बुडालेली गाडी. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला आणि २०२१ मध्ये चिपळूणपासून कोल्हापूरपर्यंत पुराचं पाणी आलं, ते आपल्यातल्या कित्येकींनी पाहिलंय. घरात पाणी शिरलं तसं दारातल्या गाड्यांतही शिरलं. त्यातल्या काही भंगारात गेल्या, पण काही धुऊन-पुसून, नवे सीटकव्हर चढवून पुन्हा विकायला निघतात. बुडालेली गाडी वर्षभर बरी चालते. मग वायरींच्या जोडांत हिरवा गंज चढतो आणि आज काच चालत नाही, उद्या दिवा लागत नाही, परवा रस्त्यातच बंद पडते, असं सुरू होतं. मेकॅनिक दोष शोधून थकतो.

ती ओळखायची कशी? हे काम आपण बायका पुरुषांपेक्षा बरं करतो, कारण पुरानंतर घर कुठं कुठं घासावं लागतं ते आपल्याला माहीत आहे. गाळ जिथं हात पोचत नाही तिथं राहतो. समोरचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटापर्यंत. आतल्या टोकाला मातकट रेघ किंवा डाग दिसला तर समजा. सीट ज्या लोखंडी पट्टीवर मागं-पुढं सरकते तिचे नट खाली वाकून बघा, बाकी गाडी नवीसारखी आणि नट गंजलेले, असं का? डिकीतली स्टेपनी उचला, तिच्याखालच्या खळग्यात बारीक गाळ बसलेला असतो. पायाखालचं मॅट नाही, त्याच्याखालचं कार्पेट कोपऱ्यातून उचला आणि वास घ्या. कुबट वास अत्तराच्या बाटलीखाली झाकला जात नाही, आणि गाडीत सुगंधी डबी जरा जास्तच घमघमत असेल तर तोही एक पुरावाच. काचा बंद करून पाच मिनिटं एसी लावा, मग पुन्हा वास घ्या.

ठोकर लागलेली गाडी ओळखायला दारांच्या फटी बघा. एका बाजूची फट बारीक आणि दुसरीकडची रुंद असेल तर दार उतरवून बसवलंय. दार उघडून चौकटीचं रबर थोडं ओढलं की कारखान्यातल्या वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसतात. तिथं ओबडधोबड डाग, लांबी भरलेली असेल तर चौकट सरळ केलीय. बंपर, फेंडर रंगवलेला असणं मोठी गोष्ट नाही, चौदा-पंधरा वर्षांत कुठंतरी घासणारच. चौकट वाकलेली मात्र घेऊ नका.

एवढं सगळं करून गाडी पसंत पडली तरी तिथंच इसार देऊ नका. ओळखीच्या, पण विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेल्या मेकॅनिककडं नेऊन गाडी वर उचलून बघा. त्याला त्याची मजुरी द्या. फुकटात बघणारा फुकटाचंच सांगतो.

कागदपत्रांकडं येऊ. इथं तुमची सही आहे म्हणून जरा सावकाश बोलतो.

सातबारावर जसा बोजा असतो तसा आरसी बुकावरही असतो. आधीच्या मालकानं कर्ज काढून गाडी घेतली असेल तर बँकेचं नाव त्यावर असतं. "कर्ज कधीच फिटलंय" हे तोंडी चालत नाही. बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म देऊन बोजा उतरवल्याशिवाय गाडी तुमच्या नावावर होत नाही. विकणाऱ्यानं २९ नंबरचा फॉर्म भरायचा, घेणारीनं ३० नंबरचा. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी, म्हणजे २८ नंबरचा फॉर्म. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्यानं तीस दिवसांत अर्ज करायचा. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायचा. आधीच्या मालकाची नो-क्लेमची सूट आपल्याला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागतो. एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी कधीची, विमा कधीपर्यंत, बोजा आहे का, हे दिसतं. थकलेले चलानही बघून घ्या, ते विकणाऱ्यानं भरायचे.

हे सगळं का करायचं, ते त्याच माणसाच्या बाजूनंही बघा. उद्या तुम्हीही ही गाडी विकाल. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलंय, की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव आहे तोच मालक, त्यानं ती कुणालाही विकून टाकलेली असो. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच नावावर येते. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी तीन हात फिरते आणि नाव पहिल्याचंच राहतं, हे आपल्याकडं सर्रास चालतं. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, आणि कुणाच्या कोऱ्या सहीवर गाडी घेऊही नका.

आणि नाव कुणाचं लागणार? कर्ज तुमच्या नावावर असेल तर आरसीवरही तुमचंच नाव लावा. यात पोरावर अविश्वास नाही. हप्ता चुकला तर गट तुमच्याकडं येणार आहे, मग विकायची सहीही तुमच्याच हातात असू द्या. नाव तुमचं असेल तर लायसन नसलेल्या कुणालाही गाडी द्यायची नाही, हेही तुमच्यावरच येतं. पुतण्या असो की भाचा.

वयाचं बघा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. २०११ मधली टी-जेट २०२६ मध्ये पंधरा पूर्ण करते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांची मुदत वाढवून घ्यावी लागते, २५ नंबरचा फॉर्म, शुल्क आणि वर पर्यावरण कर. गाडी घेताना मुदत संपायला सहा महिने उरलेत की सहा वर्षं, यानं किमतीत फरक पडला पाहिजे. विकणारा हे आपणहून सांगत नाही. दिल्लीकडच्या गाड्यांचंही असंच. तिथं दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल चालवायला बंदी आली, म्हणून तिकडच्या गाड्या आपल्याकडं स्वस्तात येतात. पण इथं एमएच नंबर घ्यायचा म्हणजे इथला कर भरा, तिकडची एनओसी आणा, कचेरीत चकरा मारा. त्यात स्वस्ताई किती उरते ते जोडून बघा.

गाडी घरी आली. आता पोराचा खरा उत्साह सुरू होतो. मोठा आवाज करणारा सायलेन्सर, काळ्या काचा, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, मागं पंख, निळे दिवे. यातलं बहुतेक पैसे देऊन विकत घेतलेला त्रास आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानं कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मालक कोण, ते आत्ताच बोललो. काचांवर काळी फिल्म लावायला २०१२ मध्येच बंदी आली. रंग बदलायचा तर आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते. ४१४१ चा "दादा" करणाऱ्या नंबरप्लेटीही आता विसरा, एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना सरकारी उच्च सुरक्षा पाटी लावणं सक्तीचं झालंय. गाडी खाली बसवणं तर आपल्या गावांतल्या स्पीडब्रेकरांवर शुद्ध वेडेपणा आहे.

मग हौस करायचीच नाही का? करायची, पण जुन्या घराला जशी आपण करतो तशी. आधी गळकं छप्पर, मग रंग. बाजूला ठेवलेले पन्नास हजार इथं लागतात. पहिलं, टायमिंग बेल्ट आणि त्याच्याबरोबर वॉटरपंप, दोन्ही एकदमच, कारण खोलायची मजुरी एकच पडते. दुसरं, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, सगळे फिल्टर. टर्बोच्या इंजिनाला कंपनीनं सांगितलेल्या प्रतीचंच ऑइल, दुकानदार "हेच सगळ्यांना चालतं" म्हणाला तरी. तिसरं, रबराच्या नळ्या. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्याच उसाचं, त्याचं कौतुक आहेच, पण एवढ्या जुन्या गाडीच्या नळ्या आणि सील त्या प्रमाणासाठी बनलेले नव्हते, आणि मायलेजही थोडं उतरतं. पेट्रोलच्या नळ्या दरवर्षी तपासून घ्या, कडक झालेली, चिरलेली नळी लगेच बदला. पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवायचीच नाही.

चौथे टायर आणि ब्रेक पॅड. पाचवे शॉकअप, बुश, लोअर आर्म. दहा वर्षांत हे रबर मेलेलं असतं आणि त्यानं गाडी खडखडते. हे बदलल्यावर जी गाडी हाती येते, तिच्यात बसल्यावर पोराला आपोआप कळतं की लोक या गाडीवर जीव का टाकतात. नव्या सायलेन्सरच्या आवाजानं ते कळत नाही.

एवढं झालं की उरलेल्या पैशात देखणेपण. मूळ रंगातच पॉलिश करून घ्या, बऱ्याचदा फिक्या पडलेल्या रंगाखाली चांगला रंग असतो. पिवळ्या पडलेल्या दिव्यांच्या काचा घासून घेतल्या की रात्रीचा उजेडही वाढतो आणि चेहराही नवा दिसतो. बल्ब मात्र आधी होते तेवढ्याच वॅटचे. नव्वद-शंभर वॅटचे चढवले तर जुनी वायर तापून वितळते, आणि समोरच्या माणसाचे डोळे दिपतात ते वेगळंच. मूळ मिश्रधातूची चाकं घासून रंगवून घ्या, बाजारातली भडक चाकं घेऊ नका. सीटकव्हर साधं, सुती किंवा बऱ्या रेक्झिनचं, आणि सीटच्या कडेला एअरबॅगची खूण असेल तर त्या बाजूला शिलाईनं बंद न होणारं. फोन जोडता येईल असा टेप बसवला तर हरकत नाही, फक्त मूळ वायर कापून नाही, जोड देऊन. कापलेली वायर बघून पुढचा घेणारा किंमत पाडतो. जुन्या गाडीचं मोल मूळपणात असतं, जुन्या पैठणीसारखं. तिला नवी जर लावली की ती ना जुनी राहते ना नवी. काढलेले मूळ भाग फेकू नका, पोत्यात बांधून ठेवा. आणि बिलं सगळी एका फाईलमध्ये, गटाच्या हिशोबवहीसारखी तारखेनं लावून. तुम्ही घेताना जे मागितलं होतं, तेच उद्या तुमच्याकडं मागतील.

कित्येकींनी विचारलं नाही, पण आम्हीच सांगतो. ही गाडी तुम्हीही शिका. स्टिअरिंग हलकं आहे, चालकाची सीट वर-खाली होत असेल तर पुढचा रस्ता नीट दिसेल इतकी वर घ्या. क्लच पूर्ण दाबला जाईल इतकं पुढं बसा. एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. टर्बोची गाडी आधी शांत असते आणि ठराविक वेगानंतर अचानक जोर धरते. पहिल्यांदा चालवणारीला वाटतं, अजून थोडं दाबू, आणि तेवढ्यात ती उसळते. म्हणून सुरुवातीला मोकळ्या मैदानावर, पावसाळा सोडून, शेजारी शिकवणारं कुणीतरी घेऊन शिका. शिकाऊ लायसन आधी काढा, गाडीला मागं-पुढं लाल "एल" लावा.

गटाच्या बैठकीत असा अर्ज आला तर ठरावात चार ओळी जास्त लिहा. आरसी कुणाच्या नावावर होणार, मेकॅनिकनं काय सांगितलं, टायमिंग बेल्टचं बिल आहे की नाही, आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे ठेवलेत का. कर्जाची रक्कम एकदम न देता दोन टप्प्यांत द्या, मोठा टप्पा गाडी घेताना आणि दुसरा नावावर झालेली आरसी दाखवल्यावर. ज्या ताईंनी लिनियाबद्दल विचारलं होतं त्यांच्यासाठी एवढंच, की त्यांनी कळवलेल्या गाडीची नोंदणी ऑगस्ट २०११ ची आहे. पंधरा वर्षांची मुदत ऑगस्ट २०२६ मध्ये संपते, आणि विकणाऱ्यानं सांगितलेल्या किमतीत मुदतवाढीचा खर्च धरलेला नाही. तो तोडून मागा, आणि सकाळीच जा.